ठिपक्यांचा पांढरा बॉल

पूल शिकणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, ही या खेळातली पहिली आणि सगळ्यात चिवट अडचण आहे. चुकीचा फटकाही इथे पुष्कळदा बक्षीस घेऊन जातो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ११.४ ते ११.७ सेंटिमीटर रुंद असतं आणि बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी ठेवले तरी त्या तोंडात मावतात. इतक्या ऐसपैस दारातून बॉल आत जायला फटका अचूक असावा लागत नाही, बऱ्यापैकी असला तरी भागतं. बॉल पडला की खेळणारा खूश होतो, बघणारे शाबासकी देतात, आणि क्यूची टिप मध्यापासून तीन मिलिमीटर डावीकडे लागली होती ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिचा परिणाम पुढच्या फटक्याला भोवतो. पांढरा बॉल हवा तिथे न थांबता वीतभर पुढे सरकतो, दुसऱ्या बॉलच्या आड जातो, नाही तर कुशनला चिकटून बसतो. मग दोष टेबलाला दिला जातो, कापडाला दिला जातो, नशिबाला तर हमखास. समोरचा एकेक बॉल सुरेख पाडणारी, पण सलग पाच बॉल पाडता न येणारी मुलं प्रत्येक पार्लरमध्ये असतात. त्यांची नजर चांगली असते, हात धीट असतो. फक्त टिप बॉलला कुठे लागते आहे हे त्यांना कधी कळलेलंच नसतं. ठिपके असलेला सरावाचा पांढरा बॉल हे या अडचणीवरचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे, असं टेबलाच्या कडेला उभं राहून शिकवण्याच्या कामातून माझं ठाम मत झालं आहे.

हे मत बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून मांडतो आहे, त्यालाही कारण आहे. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे आपल्याकडे आधी क्लबांत वाढलेले खेळ. मरीन ड्राइव्हचा पी. जे. हिंदू जिमखाना, खार जिमखाना, वरळीचा एनएससीआय, पुण्याचा पीवायसी हिंदू जिमखाना अशा ठिकाणी टेबलाइतकाच महत्त्वाचा असायचा तो मार्कर. गुण मांडणं, बॉल जागेवर लावणं, कापडाला ब्रश मारणं हे त्याचं नेमलेलं काम. पण वर्षानुवर्षं टेबलाशेजारी उभं राहून त्याची नजर अशी तयार व्हायची की सभासदाचा फटका बिघडला की तो का बिघडला हे त्याला सभासदाच्या आधी कळायचं. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, आणि कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६४ साली त्यांनी ते पुन्हा मिळवलं. पुढे त्यांनी शिकवण्याचं काम केलं आणि १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. या खेळात शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या नजरेची किंमत किती, हे त्या पुरस्कारावरून समजावं. आता बदलापूर पश्चिमेला या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटरवरचं हे स्टेशन. इथल्या, अंबरनाथच्या आणि उल्हासनगरच्या मुलाला जिमखान्याचं सभासदत्व परवडत नाही, आणि परवडलं तरी लोकलचा सव्वा-दीड तासाचा प्रवास करून सरावाला रोज कोण जाणार? त्याच्या वाट्याला येतं ते तासाच्या भाड्याचं टेबल, काउंटरवर वेळ लिहून घेणारा माणूस, आणि आपल्याइतकंच जाणणारे मित्र. मार्करची नजर त्याला मिळत नाही. ती उणीव पूर्ण कधीच भरून निघणार नाही, हे मान्य. पण तिचा जो भाग निव्वळ बघण्याचा आहे, तो एका बॉलवरच्या सहा ठिपक्यांनी बराचसा भरून निघतो.

बॉल दिसायला अगदी साधा असतो. नेहमीच्या पांढऱ्या बॉलवर सहा लाल ठिपके, वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे असे सारख्या अंतरावर. बॉल कसाही ठेवला तरी काही ठिपके डोळ्यांसमोर राहतातच. बेल्जियमच्या सालुक कंपनीचा, अरामिथ नावाने विकला जाणारा असा बॉल जगभरच्या मोठ्या पूल स्पर्धांच्या प्रक्षेपणात दिसतो. प्रेक्षकांना घरबसल्या बॉलची फिरकी कळावी हा तिथला मुख्य हेतू, आणि म्हणूनच इकडे अनेकांचा असा समज आहे की हा टीव्हीसाठी केलेला देखावा आहे, त्यातून खेळ कसा सुधारेल? हा समज इतिहासाला धरून नाही. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये दोन खेळाडूंचे दोन पांढरे बॉल असत. एक कोरा आणि दुसरा बारीक ठिपक्यांचा, म्हणजे ‘स्पॉट’. पुढे ठिपक्यांच्या बॉलची जागा पिवळ्याने घेतली. ठिपका ओळखीसाठी होता, पण ज्याच्या वाट्याला स्पॉट येई त्याला आपला बॉल कसा फिरतो आहे याची थोडीफार खूण आयतीच मिळत असे. आपल्या क्लबांतल्या जुन्या पिढ्या त्याच बॉलवर घडल्या. कॅरम बिलियर्ड्समध्येही आज ठिपक्यांचे बॉल सर्रास वापरले जातात, कारण तिथे तर पॉकेटच नसतं आणि सगळा खेळ फिरकीवर आणि कुशनवर चालतो. क्रिकेटच्या शिबिरांत अर्धा लाल, अर्धा पांढरा चेंडू देतात तो गोलंदाजाला सीम सरळ राहते की डुगडुगते हे दिसावं म्हणून. न दिसणारी फिरकी दिसती करायची, एवढाच या सगळ्यांमागचा विचार आहे.

ठिपके नेमकं काय दाखवतात हे कळायला बॉल टेबलावर काय करतो हे आधी समजून घ्यावं लागतं. पांढऱ्या बॉलच्या बरोबर मध्यावर टिप लागली तर तो आधी घरंगळत नाही, घसरतो. कापडाचं घर्षण त्याला हळूहळू फिरायला लावतं, आणि शेवटी तो नैसर्गिकपणे लोळू लागतो तेव्हा त्याचा वेग सुरुवातीच्या वेगाच्या ५/७ उरलेला असतो. हा हिशेब पुस्तकी वाटेल, पण पोझिशनचा सगळा खेळ याच घसरण्याच्या आणि लोळण्याच्या मधल्या अवस्थेवर उभा आहे. सेकंदाला दोन मीटर वेगाने मारलेला बॉल साधारण कापडावर जेमतेम अर्धा मीटर घसरतो; वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होतं, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. नऊ फुटी टेबलाची खेळायची लांबी २५४ सेंटिमीटर असते, त्यावरून या आकड्यांचा अंदाज यावा. फ्रेंच गणिती कोरिओलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर आख्खा ग्रंथ लिहिला, तो अशाच गोष्टींचा उलगडा करण्यासाठी. मध्यापासून त्रिज्येच्या २/५ इतकं वर, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटरवर मारलं तर बॉल पहिल्या क्षणापासून लोळतच निघतो. आणि त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त बाजूला गेलं, म्हणजे चौदा-पंधरा मिलिमीटरच्या पुढे, तर टिप सटकते. एवढ्या छोट्या वर्तुळात सगळा खेळ चालतो. टिप तीन मिलिमीटर बाजूला लागली तर बॉलच्या कडेला मिळणारा फिरकीचा वेग हा पुढे जाण्याच्या वेगाच्या चौथ्या हिश्शाएवढा भरतो. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाण्यांची जाडीही नव्हे. शिवाय साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागली की बॉल क्यूच्या रेषेपासून किंचित उलट्या बाजूला फेकला जातो. ही फेक एक अंशाची असली तरी दोन मीटरवर साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. कोऱ्या पांढऱ्या बॉलवर यातलं काहीही दिसत नाही. दिसतो तो फक्त शेवटचा परिणाम, आणि त्या परिणामात नेमबाजीची चूक, टिपची चूक आणि वेगाची चूक अशा सगळ्या एकत्र कालवलेल्या असतात.

ठिपके या चुका सुट्या करून दाखवतात. दुसरा कुठलाही बॉल न ठेवता पांढरा बॉल एकटाच टेबलाच्या खालच्या बाजूला ठेवायचा, तोही असा की एक ठिपका बरोबर आपल्या टिपच्या समोर आणि एक बरोबर वर येईल. मग बाकीच्यांपैकी दोन ठिपके डाव्या-उजव्या टोकाला येतात. आता मध्याच्या थोडं वर मारून बॉल हलक्या हाताने समोरच्या कुशनकडे पाठवायचा. फटका उभ्या रेषेत बसला असेल तर डावा आणि उजवा हे दोन ठिपके बैलगाडीच्या चाकातल्या आसासारखे जागच्या जागी राहतात आणि मधले चार ठिपके त्यांच्याभोवती सरळ फिरत जातात. थोडीशी जरी साइड लागली तरी कडेचे ते दोन ठिपके स्थिर राहत नाहीत, छोटं वर्तुळ काढत डुलू लागतात. या एका खुणेत एवढी माहिती आहे की शिकवणाऱ्याला पुढे बोलायला फारसं काही उरत नाही. हळू फटका असेल तर बॉल हातात घेऊन चॉकचा निळा डागही बघता येतो: लाल ठिपक्याच्या कुठल्या अंगाला आणि किती दूर. ‘मी मध्यावरच मारलं होतं’ हे वाक्य प्रत्येक शिकाऊ खेळाडू अगदी मनापासून म्हणतो, आणि ते खोटं नसतं. त्याला तसंच वाटलेलं असतं. शेजारी उभ्या माणसाने ‘नाही, डावीकडे लागलं’ म्हटलं की तिथे वाद सुरू होतो, अहंकार आड येतो. निळ्या डागाशी कुणी वाद घालत नाही. बहुतेकांची चूक दर वेळी एकाच बाजूला आणि जवळपास सारख्याच अंतरावर होते असंही मग लक्षात येतं. याचा अर्थ हात डळमळीत नाही, उभं राहण्यात किंवा डोळ्याच्या रेषेत ठरावीक दोष आहे. असा ठरावीक दोष काढणं सोपं असतं.

स्टॉप शॉट हा पूलचा पाया, आणि ठिपक्यांचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे होतो. पांढरा बॉल समोरच्या बॉलला सरळ धडकून जागीच थांबावा, तर धडकेच्या क्षणी त्याला पुढची किंवा मागची कुठलीच फिरकी असता कामा नये. म्हणजे थोडं खाली मारायचं, इतकंच की बॉल मागे फिरत निघेल, कापड ती फिरकी खात जाईल आणि नेमकी धडकेपाशी ती संपलेली असेल. ठिपक्यांच्या बॉलवर हे सगळं डोळ्यांदेखत घडतं: ठिपके आधी उलटे फिरतात, मंदावतात, क्षणभर गोठतात, आणि तो क्षण हुकला तर सुलटे फिरू लागतात. तो गोठलेला क्षण धडकेच्या अलीकडे आला की पलीकडे गेला हे दिसलं, की पुढच्या वेळी किती खाली किंवा किती जोरात मारायचं याचा अंदाज आपोआप बांधला जातो. इथे बदलापूरच्या पावसाचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. उल्हास नदीच्या अंगाला असलेल्या या भागात पावसाळ्यात हवा किती दमट असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती ती याच पट्ट्यात. मोठ्या स्नूकर स्पर्धांत स्लेटखाली हीटर लावून टेबल कोरडं ठेवतात. आपल्या पार्लरमध्ये एसी गिऱ्हाईक आलं की सुरू होतो आणि गेलं की बंद होतो, तेवढ्यात कापड ओलावा धरतं. अशा कापडावर बॅक, म्हणजे मागची फिरकी, लवकर मरते, बॉल लवकर लोळायला लागतो, कुशनवरून येणारा कोनही बदलतो. एप्रिलमध्ये बसवलेला स्टॉप शॉट ऑगस्टमध्ये अचानक पुढे सरकायला लागतो आणि मुलाला वाटतं आपला हात गेला. ठिपके बघणाऱ्याला कळतं की हात तोच आहे, फिरकी आधी संपते आहे. टेबल खराब आहे मग असल्या बारकाव्यांचा काय उपयोग, असा आक्षेप पुष्कळ ऐकू येतो. टेबल जितकं लहरी तितकं टेबलाची चूक कोणती आणि आपली कोणती हे वेगळं करता येणं गरजेचं, असं माझं त्यावर म्हणणं आहे.

यापेक्षा वजनदार आक्षेप जाणत्या खेळाडूंकडून येतो. फटक्याच्या वेळी नजर समोरच्या बॉलवर हवी, पांढऱ्यावर नाही. ठिपके बघायची सवय लागली तर मूळ शिस्तच बिघडेल. आक्षेप अर्धा खरा आहे. टिप बॉलला लागते त्या क्षणी ज्याची नजर ठिपक्यावर खिळलेली असते, त्याचा नेम जातोच. पण ठिपक्यांची साक्ष त्या क्षणी घ्यायचीच नसते. फटका झाल्यावर डोकं खाली ठेवून, अंग न हलवता थांबायचं ही शिस्त आपण एरवीही शिकवतो, आणि मुलं ती पाळत नाहीत कारण थांबून बघण्यासारखं त्यांना काही दिसत नाही. ठिपक्यांमुळे बघण्यासारखं काहीतरी मिळतं. नजर समोरच्या बॉलवरून धडकेनंतर पांढऱ्याकडे येते आणि तो थांबेपर्यंत तिथेच राहते. त्यामुळे डोकं उचलण्याची खोडही बरीच कमी होते. जोरदार फटक्यात मात्र ठिपक्यांची नुसती लाल रेघ दिसते, हे मान्य केलं पाहिजे. सेकंदाला दीड मीटर वेगाने लोळणारा बॉल सेकंदात आठ वेळा फिरतो, तिथपर्यंत डोळा कसाबसा पोचतो. त्यापुढच्या वेगाला खिशातला फोन कामी येतो. सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन आता पुष्कळ फोनमध्ये असतो, आणि तो कुशनवर आडवा टेकवून ठेवला की ब्रेकचा फटकासुद्धा सावकाश वाचता येतो. कोऱ्या बॉलचा असा व्हिडिओ काढून काही हाती लागत नाही, कारण फिरणारा कोरा बॉल आणि न फिरणारा कोरा बॉल चित्रात सारखेच दिसतात.

सगळ्यात गंभीर शंका सवयीची आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. सामन्यात कोरा बॉल मिळणार, मग ठिपक्यांवर वाढलेला खेळाडू तिथे आंधळा होणार नाही का? शारीरिक कौशल्यं कशी शिकली जातात याचा अभ्यास करणाऱ्यांनी हाच प्रश्न पूर्वी विचारला आहे. १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी मांडलं, की प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच निकाल हातात दिला तर शिकणारा त्यावरच टेकतो आणि स्वतःच्या शरीराचं ऐकणं सोडून देतो. १९९० साली विन्स्टीन आणि श्मिट यांच्या प्रयोगांत निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल कळलेल्यांचं कौशल्य नंतरच्या चाचणीत, दर वेळी निकाल कळलेल्यांपेक्षा, जास्त टिकलेलं आढळलं. म्हणजे ठिपक्यांचा बॉल दिवसभर टेबलावर ठेवणं हे नुकसानीचंच. त्याच विद्याशाखेतलं दुसरं निरीक्षण मात्र या बॉलच्या बाजूने आहे. गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिलं की स्वतःच्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा बाहेरच्या परिणामाकडे लक्ष दिलं तर हालचाल जास्त चांगली बसते. ‘कोपर हलवू नको, मनगट सैल ठेव, खांदा सोड’ असल्या सूचनांनी गोंधळून गेलेला मुलगा ‘कडेचे दोन ठिपके डुलू देऊ नकोस’ एवढ्या एका सूचनेवर सरळ मारू लागतो, हे शिकवताना इतक्या वेळा दिसतं की त्याचं आता आश्चर्य वाटत नाही. दोन्ही निरीक्षणं एकत्र धरली तर वापराची रीत आपोआप ठरते. सरावाच्या तासातली पहिली पंधरा-वीस मिनिटं ठिपक्यांचा बॉल, नंतर कोरा. ठिपक्यांच्या बॉलवरही आधी मारायचं, मग आपल्याला काय वाटलं ते मोठ्याने बोलायचं, ‘उजवीकडे लागला’, ‘वर लागला’, आणि मगच ठिपक्यांकडे किंवा डागाकडे बघायचं. बोलणं आणि दिसणं जुळायला लागलं की समजावं, ठिपक्यांचं काम संपत आलं.

यातच ‘हाता’च्या बाजूने बोलणाऱ्यांनाही उत्तर आहे. पूल हा अंदाजाचा, हाताच्या जाणिवेचा खेळ आहे, तो असल्या खुणांनी येत नाही, असं मानणारे चांगले खेळाडू आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. हाताची जाणीव हेच अंतिम साधन, यात दुमत नाही. पण ती जाणीव खरी की खोटी हे ठरणार कशावरून? ज्याचा हात लहानपणापासून जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली घडला त्याची जाणीव वेळोवेळी दुरुस्त होत गेलेली असते. एकट्याने शिकणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं चुकीच्या जागेलाच मध्य समजत राहतो, आणि त्या चुकीभोवती तो बाकीचा खेळ बसवतो: नेम थोडा उजवीकडे, जोर थोडा जास्त. अशी जोडतोड ओळखीच्या टेबलावर चालून जाते. टेबल बदललं, क्यू बदलला, सामन्याचा ताण आला की ती सगळी एकदम कोसळते. उल्हासनगरातून जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेला गेलेला मुलगा ‘तिथलं टेबल फास्ट होतं’ म्हणून परत येतो, तेव्हा पुष्कळदा टेबल नव्हे, तर ही जोडतोड हरलेली असते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ठिपक्यांचा बॉल बाकीच्या संचाच्या मापाचा आणि वजनाचाच असला पाहिजे. पूलचा बॉल नियमाप्रमाणे साधारण १५६ ते १७० ग्रॅमचा असतो. पांढरा जड असेल तर स्टॉप शॉटमध्ये तो पुढे रेटतो, हलका असेल तर मागे उसळतो, आणि ठिपक्यांनी शिकवलेलं सगळं वजनाच्या फरकात वाया जातं. स्वस्त पॉलिएस्टरच्या जुन्या संचात चांगल्या फिनॉलिक रेझिनचा एकटा नवा बॉल टाकताना एकदा वजनकाट्यावर बघून घ्यावं. बॉल महाग आहे ही तक्रार रास्त आहे, एकट्या शिकणाऱ्याला तो बऱ्याच तासांच्या भाड्याइतका पडतो. तात्पुरता उपाय म्हणून संचातल्याच जुन्या पांढऱ्या बॉलवर कायम राहणाऱ्या शाईच्या पेनाने सहा बारीक ठिपके काढता येतात, शाई पूर्ण वाळू द्यावी म्हणजे कापडाला लागत नाही. ते पुसट होतील, पुन्हा काढावे. आणखी एक उपयोग फारसा कुणी करत नाही तो असा, की ठिपक्यांचा बॉल पांढरा म्हणून न वापरता पाडायच्या बॉलच्या जागी ठेवायचा आणि कोऱ्या पांढऱ्याने त्याला कट मारायचा. साइड न देताही कट मारलेला बॉल स्वतः थोडा फिरत निघतो, घर्षणामुळे किंचित वाटही सोडतो. साइड दिली तर ती वाट आणखी बदलते. हळू मारलेले जाड कट पॉकेटच्या ओठावर का अडकतात, हे कोड्यासारखं वाटणारं प्रकरण त्या ठिपक्यांत स्वच्छ उलगडतं.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या पार्लर चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. असा एक बॉल काउंटरवर ठेवा. एका बॉलचा खर्च तुम्हाला फार नाही, आणि तो एकट्याने विकत घ्यावा अशी अपेक्षा कॉलेजच्या मुलाकडून करता येत नाही. दुपारी बारा ते चार टेबलं बहुतेक रिकामी असतात. तेव्हाचा एक तास एकट्याने सराव करणाऱ्याला कमी दराने द्या, आणि बॉल मागितला की द्या. आठवड्यातून एकदा बॉल कोमट पाण्याने पुसून कोरड्या कपड्याने घासा, चॉकने माखलेल्या बॉलवर ठिपके असून नसल्यासारखे. आणि शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे, की तासाच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं एकही बॉल पाडू नका. पांढरा बॉल एकटा ठेवा, एक ठिपका टिपसमोर आणा, सरळ समोर मारा, आणि कडेचे दोन ठिपके काय सांगतात ते बघा.